पोट्टीला हिंदी येत नव्हती

नवतपा लागला की माझा फोन वाजायला लागतो. नऊ दिवस रायपूर असं तापतं की दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच शेल्टरच्या साहू भैयांना माझी आठवण होते. काल सकाळीही झाली. "दीदी, गाड़ी खाली है क्या?" गाडी रिकामीच असते. नवऱ्याच्या स्टेशनरीच्या दुकानाची जुनी व्हॅन, मागची सीट काढलेली, एसी नाही, आणि आत कितीही फिनाईल टाकलं तरी न जाणारा ओल्या कुत्र्याचा वास. या व्हॅनमधून शेल्टरमधली कुत्री-मांजरं त्यांच्या नव्या घरी पोचवणं हे माझं काम. कोणी नेमलेलं नाही, मीच एकदा हो म्हटलं आणि सहा वर्षं झाली.

लोकांना वाटतं हे फार पुण्याचं काम आहे. शेजारच्या बाई तर मला पाहून हात जोडतात. मला त्या हातांचाही राग येतो. खरं सांगायचं तर या कामात मला प्रेम कमी आणि राग जास्त येतो. जाताना येतो, पोचवताना येतो, आणि घरी येऊन भांडी घासायला बसले की सगळ्यात जास्त येतो. मुलगी बंगलोरहून फोनवर म्हणते, "मम्मा, इतना गुस्सा हेल्थ के लिए ठीक नहीं." मी म्हणते, ठीक नाहीच. पण जाऊ कुठं घेऊन?

नवतपा म्हणजे आमच्याकडे बदल्यांचे दिवस. शाळा सुटलेल्या, ऑर्डरी निघालेल्या, नवे फ्लॅट ताब्यात आलेले. घरोघरी सामानाची बांधाबांध चालते. फ्रिजला जुन्या चादरी गुंडाळतात, आरसा गादीत ठेवतात, कुंडीतली तुळससुद्धा शेजारणीला नीट सांगून देतात की रोज पाणी घाल. आणि कुत्रा ट्रकच्या मागं-पुढं फिरत असतो, शेपूट हलवत, त्याला वाटतं आपणही चाललो. तुळशीची सोय लावणारी ही माणसं त्याच्याकडे बघत नाहीत. आठ वर्षं ज्यानं तुमचं दार राखलं त्याच्यासाठी तुम्हाला एक फोन करवत नाही? मग तो कुठल्यातरी सकाळी आमच्या शेल्टरच्या फाटकाला बांधलेला सापडतो. गळ्यात पट्टा असतो, घंटी असते, एखाद्याच्या तर वाढदिवसाची रिबीन असते. चिठ्ठी मात्र नसते.

मला आठवतो तो तीन वर्षांपूर्वीचा नवतपा. त्या वर्षी व्हॅनच्या टपावर मी ओले बोरे टाकत असे, म्हणजे तांदळाची रिकामी पोती, ती गुढियारीपासून समता कॉलनीपर्यंत येता येता कडकडीत वाळून जात. स्टेअरिंगला गमछा गुंडाळलेला. पर्समध्ये कांदा, कारण आईनं लहानपणी लावलेली सवय, लू लागू नये म्हणून. कूलरमधल्या खसाचा वास, रस्त्याकडेला तेंदूफळं विकणाऱ्या बायका, आणि सगळ्यावर ती पांढरी, डोळे मिटायला लावणारी झळ. कुत्री मागं जीभ काढून पडलेली. दर दहा मिनिटांनी थांबून मी त्यांच्या पोटाला ओला पंचा लावायचे. कोणी मांजर असलं तर ते पूर्ण रस्ता मला शिव्या देत असे आणि मला ते बरोबरच वाटायचं.

आमची एक पद्धत आहे. शेल्टरमध्ये प्राणी ज्या बोऱ्यावर झोपला तो बोरा त्याच्यासोबत द्यायचा. न धुता. नव्या घरात पहिले दोनचार दिवस त्याला आपलाच वास तेवढा ओळखीचा असतो. मी दर घरात हात जोडून सांगते, बोरा फेकू नका. दहातल्या आठ घरांत मी जिना उतरेपर्यंत बोरा कचऱ्यात गेलेला असतो. खाली उभी राहून मी तो पडताना पाहिलेला आहे, वरच्या गॅलरीतून.

त्या मे महिन्यात फाटकाला एक कुत्री बांधलेली सापडली. पिवळट रंगाची, सहा-सात वर्षांची, तोंडाभोवती पांढरी होत चाललेली. नखं कापलेली, अंगावर एक गोचीड नाही. कोणाच्या तरी घरची होती आणि चांगली ठेवलेली होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण ती कोणाला ओ देईना. साहू भैया हाका मारून थकले. "आ जा बेटा, इधर आ, बैठ, खा ले." कान हलेना. थाळी वाजवून पाहिली, तरी भिंतीकडे तोंड करून पडलेली. साठ कुत्री एका वेळेस भुंकत असताना थाळीचं काय कौतुक, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. साहू भैया भला माणूस, पण कामाचा डोंगर. चौथ्या दिवशी त्यांनी तिच्या कार्डावर निळ्या पेनानं लिहून टाकलं: बहरी.

मीही तिच्याशी बोलले होते बरं का. तिला डॉक्टरकडे नेली, आणली. "चलो, उतरो, शाबाश." हिंदीतच. आमच्या रायपुरातल्या मराठी माणसाची ही सवय हाडात गेलेली आहे. देवाशी मराठी, आईशी मराठी, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. भाजीवाल्याशी हिंदी, रिक्षावाल्याशी हिंदी, रस्त्यावरच्या कुत्र्याशीही हिंदी. कुत्रा म्हणजे बाहेरचा, मग त्याच्याशी बाहेरची भाषा. इतकं सरळ की कधी विचारच केला नाही.

एका नव्या सोसायटीतलं जोडपं तिला न्यायला तयार झालं. कार्ड वाचून दाखवलं, तर दोघंही म्हणाले, काही हरकत नाही, उलट शांत राहील. मी खूश होऊन तिला पोचवली. बोऱ्यासकट. तिसऱ्या दिवशी फोन आला, घेऊन जा. मी गेले तर ती लिफ्टच्या बाहेर उभी, पट्टा कठड्याला बांधलेला, बाजूला तिची वाटी. दार अर्धं उघडून बाई म्हणाल्या की कितीही बोलावलं तरी येत नाही, सुनती ही नहीं. मी म्हटलं, कार्डावर लिहिलं होतं ना. तर म्हणतात कशा, हमको लगा थोड़ा-बहुत सुनती होगी. आता या उत्तरावर माणसानं काय करावं? मी बोरा मागितला. तो नव्हता.

परत येताना माझं डोकं फिरलेलं होतं. अंडरब्रिजपाशी गाड्यांची रांग लागलेली, वरून ऊन, खालून इंजिन, व्हॅन म्हणजे नुसता तवा. राग आला की माझी हिंदी संपते. एकटीच बडबडत होते, लाज कशी वाटत नाही या लोकांना, जीव आहे का खेळणं आहे. तेवढ्यात ती मागून उठली आणि दोन सीटांच्या मधून डोकं घालून गिअरवर येऊन बसली. मी वैतागून म्हटलं, "सरक पोट्टे तिकडं."

ती सरकली.

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मागच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. मी हळूच म्हटलं, इकडं ये. आली. बस म्हटलं. बसली. पुन्हा पोट्टे म्हटलं तर शेपूट अशी हलवली की मागचं सगळं अंग हललं, कान मागं गेले, आणि घशातून एक बारीक आवाज काढला. चौदा दिवस जी भिंतीकडे तोंड करून पडली होती ती माझ्या तोंडाकडे बघत होती, अजून काही बोलशील का म्हणून. तिचं नावच पोट्टी होतं. कोणीतरी तिला घरच्या मुलीसारखं पोट्टी म्हणत होतं आणि नागपुरी मराठीत बोलत होतं. आणि आम्ही सगळे शहाणे तिच्या कार्डावर बहिरी लिहून मोकळे झालो होतो.

मी रडलेबिडले नाही. मला अजून राग आला. कारण आता हे स्पष्ट होतं की हिला टाकणारं घर आपल्यातलंच होतं. इतके दिवस माझ्या रागाला चेहरा नव्हता, बदली होणारे ते कोणीतरी लोक. आता ते लोक माझ्याच ओळखीतले असू शकत होते, माझ्याच संक्रांतीला येऊन वाण घेऊन गेलेले.

शेल्टरमध्ये पोट्टी हे नाव सांगितलं तर सगळे खदाखदा हसले. हिंदीत तो शब्द लहान मुलांच्या कुठल्या कामासाठी वापरतात ते सांगायला नको. साहू भैयांनी मात्र कार्डावरचं बहरी खोडलं. मग म्हणाले, दीदी, मराठी घर शोधा.

मी तिला चार दिवसांसाठी माझ्याकडे आणली. सगळे हमखास विचारतात की मग तूच का नाही ठेवली? माझ्याकडे आधीच तीन आहेत, लोकांनी परत केलेली. त्यातला एक आंधळा म्हातारा आहे आणि तो दुसऱ्या कुत्र्याचा वास आला की चावत सुटतो. पोट्टीला मला एका खोलीत कोंडून ठेवावं लागत होतं. हे खरं आहे. पण दुसऱ्यांची कारणंही त्यांना खरीच वाटत असतात, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यानं मी जास्तच चिडत होते.

वही घेऊन बसले आणि ओळखीच्या एकूणएक मराठी घराला फोन लावला. सगळ्यांनी आधी हसून घेतलं. मराठी समजणारी कुत्री म्हणजे काय नवलच. मग कोणाकडे सोवळं होतं, कोणाकडे सोफा नवा होता, कोणाच्या सुनेला ॲलर्जी होती. एका गृहस्थांनी विचारलं की जात कोणती. मला वाटलं माझी विचारतात. कुत्रीची विचारत होते, लॅब्रॉडॉर असेल तर बघू म्हणाले. आपली भाषा टिकली पाहिजे म्हणून दर गणपतीत हेच गृहस्थ अर्धा तास बोलतात.

आम्ही दहाबारा घरं मिळून दर उन्हाळ्यात एक शिबिर घेतो. मुलांनी मराठी बोलावं म्हणून. कोणाच्या तरी गच्चीखालच्या हॉलमध्ये पंधरा-वीस मुलं, पन्हं, श्लोक, आणि गोष्टी सांगायला मी. त्या दिवशी पोट्टीला घरी एकटी ठेवता येईना आणि व्हॅनमध्ये तर नाहीच नाही, म्हणून हॉलमध्ये घेऊन गेले. मुलांना काय, पर्वणीच. बस म्हटलं की बसते, पाय दे म्हटलं की पाय देते. आठ दिवस ज्या पोरांच्या तोंडून मी मराठीचा एक शब्द काढू शकले नव्हते ती पोरं ओरडून ओरडून मराठी बोलायला लागली. कारण हिंदी बोललं की ती ढुंकूनही बघत नव्हती. शिबिर चालवणारे काका बाहेरून आले आणि म्हणाले, कुत्र्यांले शिकवाले नाही ठेवलं हे. मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात अन्वी नावाची दहा वर्षांची एक मुलगी उशिरा आली. चपला काढता काढता थबकली. "अरे, ये तो आजी की पोट्टी है. पापा ने तो बोला था भाग गई."

अन्वी म्हणजे नरेशची मुलगी. नरेश रेल्वेच्या ऑफिसात. गुढियारीकडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ते लोक पंधरा वर्षं होते, आणि त्याच मेच्या सुरुवातीला तेलीबांध्याला तलावाजवळ सहाव्या मजल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेले होते. वास्तुशांतीला मी जेवून आले होते. पुरणपोळी वाढायला नरेशची आई, यमुनामावशी, स्वतः उभ्या होत्या. तेव्हा मला एकदाही सुचलं नाही विचारायला की क्वार्टरच्या दारात एक पिवळी कुत्री असायची ती कुठं गेली.

संध्याकाळी मी एकटीच त्यांच्या फ्लॅटवर गेले. नरेशनं दार उघडलं, पाणी आणलं, पंखा वाढवला. चांगल्या घरचा, चांगल्या वळणाचा मुलगा. मी सरळ विचारलं, तू बांधून आला का तिले?

"काकू, सड़क पे तो नहीं छोड़ा ना," तो म्हणाला. "शेल्टर में छोड़ा. वहाँ डॉक्टर भी आता है."

"अन् आईले काय सांगतलं?"

"बोल दिया भाग गई. क्या करता? रोज़ का रोना हो जाता."

मी त्याला खूप बोलले. एवढं लक्षात आहे की सून आतून आली आणि परत आत गेली. मी म्हटलं, त्या कुत्रीशी दिवसभर बोलणारी या घरात एकच बाई होती, आणि त्या दोघींना तुम्ही एकमेकींपासून तोडलं. मी म्हटलं, आईशी एक वाक्य मराठीत बोलत नाही तू, ती विचारते मराठीत अन् तू उत्तर देतो हिंदीत, तुझी अन्वी तेच शिकली, मग आईनं बोलावं कोणाशी, भिंतीशी? तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, आपकी बेटी भी तो हिंदी में ही जवाब देती है."

देते. गेली पंधरा वर्षं देते. मी तिला कधी टोकलं नाही, उलट तिच्याशी बोलताना मीच हळूहळू हिंदीवर येते. दुसऱ्याच्या घरात येऊन भांडणारी मी, आणि माझ्या घरात काय होतं?

यमुनामावशी खोलीच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ ते माहीत नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. मला विचारलं की बरी आहे का, खाते का. मी सांगितलं, बरी आहे, माझ्याकडं आहे. मग त्यांनीच सांगितलं की दहाबारा दिवस त्या रोज संध्याकाळी गॅलरीतून खाली बघून तिला हाका मारत होत्या. पळाली असेल तर हाक ऐकून येईल म्हणून. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली तेव्हा बंद केलं. हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या, आणि तेच मला सहन होईना. मी म्हटलं, मावशी, घेऊन येऊ का वर? मी पाहते कोण अडवते.

त्यांनी मान हलवली. "नको, बाई. इथं तिले गमणार नाही," त्या म्हणाल्या. "हिंदी शिकव तिले. मराठीनं काय करन ती? हिंदी आली तं घर भेटन."

मी सहा मजले पायी उतरले. लिफ्टमध्ये उभं राहवलं नसतं.

मग मी तेच करायला घेतलं. बिस्किटांचा पुडा आणि हिंदी. दुपारी दारं-खिडक्या लावून, कूलर सुरू करून, मी आणि पोट्टी जमिनीवर समोरासमोर. बैठ म्हणायचं आणि हातानं बसवायचं, आ जा म्हणायचं आणि बिस्कीट दाखवायचं. ती हुशार होती, शिकली असती. पण शब्द बोलायच्या आधी ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, आणि बैठ ऐकलं की एकदा मान वाकडी करून वाट पाहायची, जणू मी चुकून काही बोलले आणि आता नीट बोलणार आहे. तिसऱ्या दिवशी मी पुडा भिंतीवर फेकला. मी ज्या गोष्टीसाठी नरेशला एवढं बोलले तीच मी करून राहिले होते. तिनं ती बिस्किटं वेचून खाल्ली, तिला बरंच झालं.

नवतपा सरत आला होता तेव्हा साहू भैयांचा फोन आला. गुढियारीला मालधक्क्याजवळ एका बाईला कुत्रा हवाय, भजी-वड्यांचं दुकान आहे, पोचवून या. मी म्हटलं, मराठी आहे का? ते म्हणाले, दीदी, आता किती दिवस मराठी शोधणार?

मला त्या बाईचाही राग आलाच होता, न पाहताच. राखणीला कुत्रा हवा म्हणजे साखळीला बांधणार, बाकी काय. बिसाहिनबाई नाव तिचं. पन्नाशीची, काटक, पत्र्याच्या शेडखाली मोठी कढई, समोर बाकावर दोन-तीन हमाल भजी खात बसलेले. मी पोट्टीला उतरवली, बोरा उतरवला आणि नेहमीचं सांगायला लागले, हा बोरा फेकू नका. तिनं बोरा घेतला, सावलीत माठाजवळ अंथरला, हातानं सारखा केला, आणि मग मला विचारलं, "ये ह काय बोली समझथे, दीदी?"

कोणती भाषा समजते हिला. तोवरच्या तीन वर्षांत मला हा प्रश्न एकाही घरानं विचारला नव्हता. चावते का विचारतात, घाण करते का विचारतात, जात कोणती विचारतात. मी म्हटलं, मराठी. मला वाटलं आता ही हसणार. ती म्हणाली, "त मोला घलो सिखो दे." मग मलाही शिकवून दे.

मी कढईसमोर उभी राहून तिला पाच शब्द शिकवले. पोट्टे. ये. बस. थांब. जेवली का. थांबमधला ब ती इतका जोरात म्हणे की हमाल हसायचे, तिनं झाऱ्या उगारून त्यांना गप्प केलं आणि बजावलं की हिला कोणी दुसऱ्या बोलीत हाक मारायची नाही. भजी तळता तळता ती शब्द पुटपुटत होती, शाळेतल्या पोरीसारखी. पोट्टी तिच्या पायाशी जाऊन बसली होती. मला आनंद झाला म्हणायला हवं. पण मी तिथं उभी राहून नरेशचा विचार करत होते, त्या लॅब्रॉडॉरवाल्या गृहस्थांचा करत होते, माझा करत होते. पाच शब्द. कढई गरम असताना, दहा मिनिटांत. एवढंच होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यमुनामावशींकडे गेले. नरेश ऑफिसात, सून बाहेर, अन्वी टीव्हीसमोर. मी त्यांना सगळं सांगितलं. घर मिळालं, बोरा ठेवला, बाई चांगली आहे. आणि हेही सांगितलं की तिनं पोट्टीसाठी मराठी शिकून घेतली. मावशी उठल्या, कपाटातून धुतलेलं पातळ काढलं.

"मले घेऊन चाल," त्या म्हणाल्या. "पोट्टीले पाह्यतोच. पण त्या बाईले भेटाचं आहे."

अन्वीला सांगितलं, सुनेला फोन केला आणि निघालो. त्या पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. अख्खा रस्ता बोलत होत्या, कूलरचं पाणी, अन्वीची शाळा, क्वार्टरमधला लिंबाचं झाड, सगळं एका दमात, आणि मी हो हो करत गाडी चालवत होते.

पोट्टीनं लांबूनच ओळखलं. काय झालं ते मी सांगत बसणार नाही. मावशी खाली बसल्या आणि ती त्यांच्या मांडीत शिरली, एवढं पुरे. मी थोडा वेळ टायर बघायला गेले.

परत आले तर बिसाहिनबाईनं बाकावरचे हमाल उठवले होते. नव्या माणसाशी काय बोलावं म्हणून तिनं जवळ होतं ते काढलं. मावशींना म्हणाली, ये. बाकावर हात मारून म्हणाली, बस. मग काचेच्या ताटलीत भजी ठेवून विचारलं, जेवली का? मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. जेवले, जेवले, त्या म्हणाल्या, आणि मग काय काय जेवले तेही सांगायला लागल्या, आणि थांबल्याच नाहीत. आपलं लग्न, मालकांची ड्यूटी, क्वार्टरच्या अंगणात पोट्टी पिल्लू असताना कशी आली. बिसाहिनबाईला अर्धं कळत असेल नसेल. ती भजी सोडायची, काढायची, आणि मधूनमधून म्हणायची, हव, हव. वर पत्रा तापून कडकड वाजत होता. कोणाला त्याचं काही नव्हतं.

माझा फोन वाजला. नरेश. घरी आला होता. रागावलेला नव्हता, नेहमीसारखाच नम्र. "काकू, आई को कितने बजे तक वापस छोड़ देंगी?"

मी काही बोलायच्या आत मावशींनी आवाज ओळखला. लगेच उठल्या. पदर सारखा केला, पर्स घेतली, पोट्टीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, चाल बाई, पोरगा वाट पाहून राहिला. एवढ्या झटपट उठल्या की मला संताप आला, कोणावर ते सांगता येत नाही.

बिसाहिनबाईनं झाऱ्या खाली ठेवला. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि तिच्याजवळ आता एकच शब्द उरला होता. वयानं वीस वर्षं मोठ्या बाईला असं एकेरीत कोणी म्हणत नाही. तिनं पदराला हात पुसले, मावशींचा दंड धरला आणि म्हणाली, "थांब."

यमुनामावशी परत बाकावर बसल्या. नरेश फोनवर हॅलो हॅलो करत होता. मी त्याला मराठीत सांगितलं, आई थांबणार आहे, आणि फोन ठेवून दिला.